हरीभाऊंची मूठ

बातमी आली तेव्हा मी नाशिकरोडच्या भाजीबाजारात मेथीच्या जुडीवरून वाद घालत होते. जुडी वरून हिरवीगार, आत पिवळी पडलेली, आणि भाजीवाली मात्र "सकाळीच उपटलीय मावशी, देवाशप्पथ" म्हणत होती. मळ्यात जन्मलेल्या बाईला मेथी शिकवते! तेवढ्यात पिशवीतला फोन थरथरला. अमेरिकेहून एलनचा निरोप होता, चारच ओळींचा. बाबा गेले, झोपेत गेले, त्रास झाला नाही. कुणाकुणाला कळवायचं याची यादी त्यांनी करून ठेवली होती, तिच्यात तुमचं नाव दुसरं आहे... मी फोन पिशवीत टाकला, जुडी बदलून घेतली, वर कोथिंबीरही घेतली. घरी येऊन मेथी निवडायला बसले आणि निम्मी निवडून झाल्यावर लक्षात आलं, की पानं टाकून देते आहे आणि काड्या ताटात ठेवते आहे.

या गोष्टीला पाच-सहा आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. याला दुःख म्हणावं, तर दुःखात माणूस खाली बसतो. मी मात्र घरातल्या घरात येरझारा घालते, कपाटं उघडते, कशाला उघडलं ते विसरते, परत लावते. आमचे हे परवा वैतागून म्हणाले, "अगं, एकदाची रड तरी, नाहीतर पंख्याखाली स्वस्थ बस तरी." दोन्ही जमेना, तेव्हा लिहायला घेतलं.

एलनचे वडील हॅरल्ड. आमचे हरीभाऊ. आधी आपल्या गावच्या शाळा समितीवर, मग राज्याच्या विधिमंडळात, मग अमेरिकेच्या संसदेत आणि शेवटी भारताच्या शेजारच्या एका लहानशा देशात राजदूत, असा त्यांचा प्रवास. तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर अर्धं अर्धं पान लिहिलं, ते एलननं पाठवलं. त्यात आमच्या वाट्याला एक ओळ आली आहे, 'तरुणपणी दोन वर्षं भारतात स्वयंसेवक'. आमचा दारणेकाठचा मळा, आई, दादा, मी, विहीर, गोठा, सगळं त्या एका ओळीत बसवलंय.

मी अकरा-बारा वर्षांची असेन. एके दिवशी ग्रामसेवक सायकलवरून आला आणि त्याच्यामागून हा उंच गोरा तरुण चालत आला. सायकलवर बसला तर त्याचे पाय जमिनीला लागत होते म्हणून. पांढऱ्या विलायती कोंबड्या कशा पाळायच्या हे गावाला शिकवायला त्याला सातासमुद्रापलीकडून धाडलं होतं. राहायला जागा हवी, तर दादांनी गोठ्याशेजारची खोली दिली. हॅरल्ड हे नाव आईच्या जिभेवर काही चढेना. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांना हरी करून टाकलं आणि आठवडाभरात ते गावाचे हरीभाऊ झाले. कोंबड्यांचं म्हणाल तर निम्म्या मुंगसानं नेल्या, उरलेल्या आईनं आपल्या गावठी पद्धतीनं जगवल्या. हरीभाऊ शिकवायला आले होते आणि शिकून गेले, असं आई शेवटपर्यंत सांगायची. मराठी ते दादांकडून आणि बैलांकडून शिकले. त्यामुळे पुढे सुटाबुटातला हा माणूस बोलायला लागला की "लय भारी" आणि "नाय जमायचं" असंच बोलायचा.

माझे वडील, म्हणजे दादा, मळ्यात भाजीपाला काढत; पण त्यांचा खरा जीव बैलांत. इगतपुरीच्या बाजूला आठवडेबाजार भरे, तिथे ते लोकांच्या बैलांचे सौदे जुळवून देत. त्या सौद्याची रीत नव्या वाचकांना ठाऊक नसेल. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसायचे, एकमेकांचा हात हातात घ्यायचे आणि वरून उपरणं टाकायचं. भाव तोंडानं बोलायचा नाही, उपरण्याखाली बोटं दाबून सांगायचा. वर पाऊसपाण्याच्या, पोराबाळांच्या गप्पा चालू आणि खाली बोटांची झटापट. भोवती गर्दी उभी असे, पण कुणी काय मागितलं आणि कोण किती खाली आला हे त्या दोघांपलीकडे तिसऱ्याला कळत नसे. दादांचं ते उपरणं पांढरं, लाल काठांचं. त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती.

हरीभाऊंना या प्रकाराचं विलक्षण वेड लागलं. "दादा, एकदा माझा हात घाला ना खाली," असा त्यांनी धोशाच लावला. शेवटी आम्हालाच एक बैल घ्यायचा होता, तेव्हा दादांनी त्यांना बसवलं. तो किस्सा दादा पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगायचे. समोरच्यानं बोट दाबलं की हरीभाऊंचा चेहरा गाजरासारखा लाल व्हायचा, बोट सोडलं की उजळायचा. गर्दीला उपरण्याखाली बघायची गरजच पडली नाही! सौदा झाला, बैल घेतला, बाजाराच्या कडेला गाडीला जुंपून पाहिला, तर तो पठ्ठ्या खाली बसला. उठायलाच तयार नाही. हरीभाऊ भांडायला निघाले, दादांनी त्यांना आवरलं. त्याच दिवशी, बाजार उठायच्या आत, तो बैल ज्याचा त्याला परत गेला, तेही एक चढा शब्द न होता. कसा गेला, हे मी विचारलं तेव्हा दादा म्हणाले, "गेला ना वापस? तुला काय करायचंय?" पोरीबाळींना बाजारातलं सांगायची पद्धत नव्हती. मीही पुन्हा विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

दोन वर्षांनी ते परत गेले. जाताना त्यांनी दादांचं उपरणं मागितलं. दादा म्हणाले, "ते नाय. ते धंद्याचं हाय. दुसरं काय बी माग." मग आईनं दिलेली गोधडी घेऊन ते गेले आणि पत्रं यायला लागली. शाळा समितीवर निवडून आल्याचं पत्र आलं, तेव्हा दादांनी गावात पेढे वाटले. राज्याच्या निवडणुकीला पहिल्यांदा उभे राहिले आणि पडले, तेव्हा हरीभाऊंनी लिहिलं, "माझ्या तोंडावर अजून सगळं दिसतं." दादांनी मला उत्तर सांगितलं, "लिही, तोंड सांभाळ. बोटं आपोआप शिकतात." पुढच्या खेपेला ते निवडून आले. तिकडे दोन भागांत नदीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं भांडण होतं, आपल्याकडे असतं तसंच. ते यांनी मिटवलं. दोन्हीकडच्या लोकांना एका खोलीत बसवलं आणि कोण किती मागे सरलं हे बाहेर कुणालाही कळू दिलं नाही. पत्राच्या शेवटी होतं, "दादांना सांग, उपरणं कामाला आलं." ते पत्र दादांनी बाजारात नेऊन वाचून घेतलं, एकदा नव्हे, तीन आठवडे.

मी तोवर शिक्षिका झाले होते आणि नागरिकशास्त्र माझ्या गळ्यात पडलं होतं. या विषयाइतका कोरडा विषय दुसरा नाही. मुलं जांभया देत, मीही तोंड वळवून देत असे. मग मी हरीभाऊंना वर्गात आणलं. लोकप्रतिनिधी म्हणजे काय, मत कसं द्यायचं, समजूत कशी काढायची, सगळं मी त्यांच्या गोष्टींतून शिकवलं. ते संसदेत गेले त्या दिवशी मी वर्गात चिक्की वाटली. आमच्या शाळेतून गेलेल्या कितीतरी तुकड्यांना अमेरिकेचा अध्यक्ष आठवत नसेल, पण हरीभाऊ आणि बसलेला बैल नक्की आठवत असतील. माझा अभिमान वेडा होता, हे मला मान्य आहे. पण खोटा नव्हता.

आणि मग ते मत आलं. एका दूरच्या देशावर सैन्य पाठवायचं की नाही, यावर त्यांच्या संसदेत मतदान व्हायचं होतं. आमच्याकडच्या पेपरांतही रोज तेच. वर्गात वैशाली नावाची एक मुलगी होती, दोन वेण्या, कायम पहिल्या बाकावर. तिनं उभं राहून विचारलं, "बाई, तुमच्या हरीभाऊंनी कोणत्या बाजूनं मत दिलं?" मी छातीठोकपणे म्हटलं, "विरोधातच दिलं असणार. पण थांब, विचारून सांगते." विचारलं. त्यांनी बाजूनं दिलं होतं. वैशालीला मी ते सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष संपलं, मुलगी शाळेतून बाहेर पडली, आणि पुढच्या तुकडीला मी लोकप्रतिनिधीचा धडा पुस्तकातून वाचून दाखवला.

मी त्यांना खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं ते टाइप केलेलं, तीन पानी, कारणांनी भरलेलं. त्यात कुठेही "लय" नव्हतं की "नाय" नव्हतं. युद्ध वर्षानुवर्षं चाललं. एकदा पेपरात फोटो आला, तिकडच्या एका शाळेचा. छप्पर उडालेलं, तिन्ही भिंती पडलेल्या आणि चौथीवर फळा तेवढा शाबूत. त्यावर खडूनं लिहिलेलं अजून वाचता येत होतं. तो मी कापून ठेवला. दुसरीकडे हरीभाऊ पुढच्या निवडणुकीत पूर्वीपेक्षा जास्त मतांनी आले, आणि काही वर्षांनी राजदूत झाले. दादा तेव्हा नव्हते. असते तर पेढे वाटले असते की नाही, कोण जाणे... मी वाटले नाहीत.

राजदूत असताना ते एकदा सुटी काढून नाशिकला आले. इमारतीखाली गाडी थांबली, सोबतच्या माणसाला त्यांनी खालीच ठेवलं आणि आमचे दोन जिने एकटे चढून आले. केस पांढरे, पाठीला किंचित बाक. दारातच म्हणाले, "सुमी, लय दम लागला गं." मी हसले नाही. त्यांनी दादांच्या फोटोला हात जोडले आणि उपरणं पाहायला मागितलं. मी कपाटातून काढून दिलं. वेताच्या खुर्चीवर बसून ते कितीतरी वेळ त्याच्या काठावरून बोट फिरवत राहिले. हे चहा टाकायला आत गेले. मग मी तो फोटो आणून त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवला.

"हरीभाऊ, तुम्ही ते मत का दिलंत? आणि आता काय वाटतं?"

त्यांनी फोटो पाहिला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. गाजरासारखा लाल होणारा तो चेहरा... त्यावर काहीही उमटलं नाही. शिकले होते, पुरते शिकले होते. इंग्रजीत म्हणाले, त्या वेळी समोर असलेल्या माहितीच्या आधारे... मी मध्येच तोडलं. "ही पत्रकार परिषद नाही. हे माझं घर आहे." आतून कपबशांचा आवाज येत होता. मग त्यांनी उपरणं उचललं, माझा हात हातात घेतला, दोघांच्या हातांवर ते टाकलं आणि खालून आपली बंद मूठ माझ्या तळव्यात ठेवली.

मला वाटलं, काहीतरी देताहेत. लहानपणी ते असंच मुठीतून चॉकलेट द्यायचे. म्हाताऱ्या माणसानं विषय टाळायला जुना लाड काढला, असं वाटून मला चीड आली आणि मी त्यांची बोटं एकेक करून उघडली. मूठ रिकामी होती. मी उपरणं बाजूला सारलं आणि म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच ना? यात तर काही नाही." हरीभाऊंनी आपल्या उघड्या हाताकडे पाहिलं. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा लाल झाला, कानापर्यंत. "नाय," म्हणाले, "काहीच नाय." तेवढ्यात चहा आला. साखर जास्त झाली होती, तरी त्यांनी सगळा घेतला. जाताना "येतो सुमी" म्हणाले. पुढे दिवाळीला त्यांचं शुभेच्छापत्र येई, मी एका ओळीत उत्तर देई. एवढंच उरलं होतं.

एलननं पाठवलेल्या लेखांपैकी एकात वाक्य आहे, की त्या मताबद्दल त्यांनी शेवटपर्यंत खंत व्यक्त केली नाही. ते वाचून मी स्वतःशी मान डोलावली होती. खरं आहे, मी साक्षीदार आहे.

मग या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहा असा निरोप आला. बाजाराचं वर्णन चुकायला नको, म्हणून मी रखमाजीबाबांना भेटायला गेले. दादांच्या बरोबरीनं सौदे करणाऱ्यांपैकी तेवढे एकच उरलेत. नव्वदीच्या घरात आहेत, घोटीच्या पुढे मुलाच्या घरी असतात. पडवीत खाटेवर बसले होते, समोर भाताची खाचरं पाण्यानं भरलेली. हरीभाऊ गेल्याचं सांगितलं तर म्हणाले, "तो लाल तोंडाचा? अरारा. लय गुणी पोरगा." मी वही काढली. बोटांच्या खुणा उतरवून घेतल्या आणि शेवटी, सहज, साठ वर्षांपूर्वी गिळलेला प्रश्न विचारला. तो बसका बैल परत कसा गेला?

"कसा म्हंजी? मूठ दिली की."

"मूठ म्हणजे?"

"आता बाजारात चूक कोणाकडनं होत नाय? घेणाऱ्याची होती, देणाऱ्याची होती. पर चारचौघांत 'माझं चुकलं' म्हनायला जीभ रेटत नाय. मंग बाजार उठायच्या आत जायाचं, उपरण्याखाली हात घालायचा अन् आपली मूठ समोरच्याच्या हातात द्यायाची. म्हंजी माझं चुकलं, मला ह्यातनं सोडव. हरीभाऊला तुझ्या दादानं माझ्यासमोर शिकिवलं. त्यानं मूठ दिली, बैलवाला म्हातारा भला होता, त्यानं धरली. बैल वापस."

माझ्या हातातलं पेन थांबलं होतं. "समोरच्यानं काय करायचं असतं, बाबा?"

"पटलं तर दोन्ही हातांनी मूठ धरायची. नाय पटलं तर ढकलून द्यायाची. दोन्ही चालतं, त्याचा राग नाय."

"आणि कुणी उघडून पाहिली तर?"

रखमाजीबाबा हसले. "उघडून कोणी बघतं व्हय? त्यात काय असतंय बघायला?" मग माझ्या तोंडाकडे पाहून हसू थांबलं त्यांचं. "कोणी उघडली?"

"होती एक बाई."

"मंग तिला कोणी शिकिवलं नसंल," ते म्हणाले. "तिची काय चूक?"

त्यांनी चहा घ्यायला थांबवलं, मी थांबले नाही. रस्त्यावर येऊन मिळेल त्या जीपमध्ये बसले. हरीभाऊंनी धरून चाललं असेल, की दादांची लेक म्हटल्यावर तिला मूठ ठाऊक असणारच. बाजारात बायकांना नेत नव्हते, हे सगळ्या जगाच्या वाटाघाटी करणारा हा माणूस विसरला. आणि मी, जिनं त्यांच्या नावावर कितीतरी तुकड्यांना 'दुसऱ्याचं ऐकून घ्या' शिकवलं, मी त्यांची बोटं उलगडून त्यात काय आहे ते बघत होते. त्या मताबद्दल 'माझं चुकलं' हे त्यांनी एकदाच, एकाच माणसापुढे म्हटलं. त्या माणसानं त्याची चेष्टा केली. मग ते कुणाला म्हणाले नसतील तर नवल नाही.

इथं लेख संपवला असता, तर मला रात्रीची झोप लागली असती. पण लागत नाही, कारण माझ्यातली बाई नागरिकशास्त्राची आहे. ती विचारते, मत तर उघड्यावर दिलं होतंत ना हरीभाऊ? हात तर सगळ्यांदेखत वर केला होतात? मग चूक तेवढी उपरण्याखाली? बसक्या बैलाचा सौदा दोघांतला असतो, तो दोघांत मिटतो. फळा उरलेल्या त्या शाळेचा सौदा माझ्याशी झाला नव्हता. तिच्या वतीनं मूठ धरायचा अधिकार मला कुणी दिला? आणि बाजार उठायच्या आत मूठ द्यायची असते, तुम्ही तर कितीतरी वर्षांनी आलात... असं मी भांडते आणि जिंकते. जिंकले, की त्यांचा तो उघडा हात आणि कानापर्यंत लाल झालेला चेहरा समोर येतो आणि पुन्हा येरझारा सुरू होतात. मला त्यांचा राग आहे. मला त्यांची आठवण येते. दोन्ही एकाच वेळी कसं ठेवायचं, हे मला या वयातही येत नाही.

हे छापायचं की नाही, यावरही आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. यांचं म्हणणं, "त्यांनी झाकून दिलं होतं ना तुला? मग तू पुन्हा उपरणं उचलतेस." बरोबर आहे त्यांचं. उचलते आहे. पण एका मुलीला मी "विचारून सांगते" म्हटलं होतं. वैशाली आता बँकेत असते, दोन मुलींची आई आहे. मी गेले की उठून उभी राहते, चहा मागवते. तिनं तो प्रश्न पुन्हा कधी काढला नाही. तिला विसर पडला असेल, मला नाही. तेव्हा वैशाली, ऐक. हरीभाऊंनी बाजूनं मत दिलं होतं. ते चुकलं, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी मला ते सांगितलं होतं. मला ऐकू आलं नाही.

उपरणं आता कपाटात ठेवत नाही. वेताच्या खुर्चीच्या पाठीवर असतं. दुपारी हे झोपले, की मी त्या खुर्चीत बसते, उपरणं मांडीवर घेते आणि त्याखाली हात घालून पाहते. मूठ करते आणि ती धरायला जाते. दोन्ही हातांनी धरायची असते, रखमाजीबाबांनी बजावून सांगितलं होतं. पण मूठही माझीच असली, की धरायला एकच हात उरतो.